चार्टर शाळेच्या बोर्डावर कोण बसलंय? ट्रस्टींचे पेशे कसे वाचावेत, आणि स्वतः बसायचं असेल तर काय करावं

न्यू जर्सीत हिवाळा आला की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. चार्टर शाळेची लॉटरी कधी आहे, वेटिंग लिस्ट किती सरकते, बस मिळते का, गणित कसं शिकवतात. बोर्डावर कोण आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या मुलीचा नंबर लागला तेव्हा मीही विचारलं नव्हतं. पुढे त्याच बोर्डावर सहा वर्षं बसलो. पेशाने मी अकाउंटंट. त्या सहा वर्षांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो, कारण शाळा निवडताना हे आधी कळलं असतं तर मी वेगळे प्रश्न विचारले असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. चार्टर म्हणजे सनद. अमेरिकेत पहिला चार्टर कायदा मिनेसोटाने १९९१ साली केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली. न्यू जर्सीचा कायदा १९९५चा. पैसा सरकारी, फी नाही, प्रवेश लॉटरीने. पण शाळा चालवणार गावाचं निवडून आलेलं स्कूल बोर्ड नव्हे, तर शाळेचं स्वतःचं ट्रस्टी मंडळ. सनद त्या मंडळाच्या हाती असते. न्यू जर्सीत ती राज्याचे शिक्षण आयुक्त देतात, पहिल्यांदा चार वर्षांसाठी आणि नूतनीकरण झालं की पाच वर्षांसाठी. मुख्याध्यापक नेमणं, बजेट मंजूर करणं, इमारतीसाठी कर्ज काढणं, हे सगळं बोर्ड करतं. शाळा बुडाली तर जबाबदारीही त्याचीच. आणि बहुतेक ठिकाणी या लोकांना मतदार निवडत नाहीत. असलेले ट्रस्टीच नवे ट्रस्टी शोधतात. म्हणून कुणाला शोधलं, का शोधलं, हे पाहायला हवं.

आपल्याकडे शाळा म्हटलं की 'संस्थाचालक' हा शब्द आपोआप डोक्यात येतो, आणि त्याच्यासोबत घराण्याचं किंवा पुढाऱ्याचं चित्र. दुसरीकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं ठरवून दिलंय. चार्टर शाळेचं बोर्ड या दोन्हींत बसत नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. मिनेसोटात बोर्डावर त्याच शाळेतला शिक्षक, एक पालक आणि शाळेशी संबंध नसलेला एक स्थानिक रहिवासी लागतो. वॉशिंग्टन डीसीत निदान दोन पालक आणि बहुसंख्य सदस्य शहरातले रहिवासी लागतात. बाकी खुर्च्यांवर कुठल्या पेशाची माणसं बसवायची, हे शाळाच ठरवते.

पायरी पहिली: यादी करा, पण वेबसाइटवर थांबू नका

वेबसाइटवर फोटोखाली दोन ओळी असतात. 'वित्त क्षेत्रातला वीस वर्षांचा अनुभव', 'शिक्षणाची तळमळ'. यातून काहीही कळत नाही. वही घ्या आणि चार रकाने आखा: नाव, रोजचं खरं काम, बोर्डावर कधीपासून, आणि शाळेशी किंवा एकमेकांशी असलेलं नातं. हे भरायला कागद पुष्कळ मिळतात.

सनदेचा मूळ अर्ज आणि नूतनीकरणाचा अर्ज मागवा. संस्थापक ट्रस्टींचे बायोडेटा बहुतेकदा त्यालाच जोडलेले असतात. शाळा ना-नफा संस्था म्हणून कर खात्याकडे नोंदलेली असेल तर दरवर्षीचा फॉर्म ९९० सार्वजनिक असतो आणि इंटरनेटवर फुकट सापडतो. त्याच्या सहाव्या भागात मतदानाचा हक्क असलेले सदस्य किती, त्यातले स्वतंत्र किती, आणि कुणाचं कुणाशी कौटुंबिक किंवा धंद्याचं नातं आहे का, हे लिहावं लागतं. सातव्या भागात नावं, आठवड्याचे तास आणि कुणाला काही मोबदला मिळतो का, ते दिसतं. शाळेच्या नावाने फॉर्म सापडला नाही तर इमारत किंवा देणग्या सांभाळणारी जोडसंस्था आहे का ते शोधा. तिचा सापडतो.

सगळ्यात उपयोगी कागद मात्र पालकांना माहीतच नसतो. शाळेने इमारतीसाठी करमुक्त रोखे काढले असतील तर त्यांचं माहितीपत्रक 'एम्मा' या सरकारमान्य संकेतस्थळावर असतं. पैसे गुंतवणाऱ्याला फसवलं असं व्हायला नको, म्हणून त्यात शाळेची पटसंख्या, वेटिंग लिस्ट, कर्जाच्या अटी आणि बऱ्याचदा प्रत्येक ट्रस्टीचा पेशा सविस्तर लिहिलेला असतो. गुंतवणूकदाराला जे सांगितलं जातं ते पालकाने वाचायला काहीच हरकत नाही.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर ट्रस्टींनी भरलेला आर्थिक हितसंबंधांचा फॉर्म ७०० मागवता येतो. न्यू जर्सीत स्कूल एथिक्स कायद्याखाली असंच प्रकटन द्यावं लागतं.

पायरी दुसरी: पेशासमोर प्रश्न लिहा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पदवी किती मोठी, कंपनी किती नावाजलेली, हे बाजूला ठेवा. या माणसाला त्याच्या रोजच्या कामामुळे मीटिंगमध्ये कुठला प्रश्न सुचेल, तेवढंच लिहा. ज्या प्रश्नासमोर कुणाचंच नाव येत नाही, तिथे शाळा आंधळी आहे.

पैशाच्या माणसांपासून सुरुवात करतो, कारण बोर्डावर ती हमखास असतात. पण सगळी पैशाची माणसं सारखी नसतात. शेअर बाजारात काम करणारा, ऑडिट करणारा आणि शाळेचे हिशेब सांभाळलेला, हे तीन वेगळे पेशे आहेत. शाळेचा पैसा पटसंख्येवर येतो, हे तिसऱ्याच्या अंगात भिनलेलं असतं. समजा ४०० मुलं आहेत आणि प्रत्येक मुलामागे १६,००० डॉलर मिळतात. वर्षाला ६४ लाख डॉलर झाले. ऑक्टोबरात १५ मुलं कमी भरली की २ लाख ४० हजार गेले, म्हणजे जवळजवळ तीन शिक्षकांचे पगार, आणि शिक्षक तर सप्टेंबरात नेमून झालेले. दुसरा हिशेब रोकडीचा. वर्षाचा खर्च ६४ लाख म्हणजे दिवसाला साधारण साडेसतरा हजार. बँकेत ७ लाख असतील तर शाळा ४० दिवस तग धरेल. 'आज आपल्याकडे किती दिवसांची रोकड आहे?' हा प्रश्न दर महिन्याला विचारणारं माणूस बोर्डावर हवं. रोखे काढलेल्या शाळेत तर ठरावीक दिवसांची रोकड राखणं ही कर्जाचीच अट असते, आणि ती मोडली तर सावकार दारात उभा राहतो.

वकील असेल तर कसला वकील ते विचारा. कंपन्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याला विशेष शिक्षणाचा कायदा ठाऊक असेलच असं नाही. चार्टर शाळेला बऱ्याच नियमांतून सूट असते, पण अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यातून नसते. नोकरीविषयक कायदा जाणणारा वकील शाळेला फार उपयोगी, कारण शाळेचा बहुतेक खर्च माणसांवर होतो. आणि बोर्डावरचा वकील हा शाळेचा पगारी वकील नसावा. मोफत सल्ला मिळतोय म्हणून बोर्ड बाहेरचा वकील घेत नाही, मग भांडण उभं राहिलं की त्या माणसाला कुणाच्या बाजूने बोलायचं हेच कळत नाही.

बांधकाम किंवा जागेच्या व्यवहारातलं माणूस एरवी गप्प असतं. इमारत बदलायची वेळ आली की त्याच्यावाचून चालत नाही. बऱ्याच राज्यांत चार्टर शाळेला इमारतीसाठी वेगळा पैसा जवळजवळ मिळत नाही, आणि दहा वर्षांचा भाडेकरार न समजता सही करून बसलेल्या शाळा पुढे वर्गखोल्यांचा पैसा घरमालकाला देत राहतात.

आता शिक्षक. माझं सगळ्यात ठाम मत इथेच आहे. वर्गात उभं राहून शिकवलेलं, पण या शाळेत नोकरी नसलेलं निदान एक माणूस बोर्डावर असलंच पाहिजे.

मी गेलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो. तिघे वित्त क्षेत्रातले, दोघे आयटीतले, एक वकील, एक औषध कंपनीतले, एक रिअल इस्टेटवाले आणि एक पालक प्रतिनिधी. सगळी शिकलेली, मनापासून काम करणारी माणसं. विशेष शिक्षणाचा खर्च वर्षागणिक वाढत होता. स्पीच थेरपीसाठी बाहेरून माणसं येत, त्यांचा तासाचा दर आम्हाला जास्त वाटे. आम्ही दोन वर्षं दरच घासत राहिलो, आणि मीच त्यात पुढे होतो. मग पंचवीस-तीस वर्षं विशेष शिक्षण शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई बोर्डावर आल्या. नाव-आडनाव अमेरिकन, पण मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणतो. दुसऱ्याच मीटिंगला त्यांनी एक कागद पुढे केला. दोनच रकाने. मुलाच्या आयईपीत, म्हणजे विशेष शिक्षणाच्या त्याच्या वैयक्तिक आराखड्यात, आठवड्याला किती मिनिटं थेरपी लिहिली आहे, आणि गेल्या महिन्यात खरोखर किती मिनिटं मिळाली. 'हे दोन आकडे प्रत्येक मुलासाठी भरून द्याल का?' एवढंच त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं. आकडे आले तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. कित्येक मुलांना लिहिलेल्या मिनिटांच्या निम्मीही मिळत नव्हती. थेरपिस्ट आली नाही तर तो तास भरून काढायची पद्धतच नव्हती. आम्ही तासाचा दर पाहत होतो आणि तासच होत नव्हते. ती राहिलेली मिनिटं भरून काढायला शाळेला पुढचं सबंध वर्ष लागलं. त्यात एक मूल होतं, पहिलीतलं, ज्याची आई दर मीटिंगला मागच्या रांगेत बसायची. ती का येते, हे आम्हाला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

शिक्षकांनी संस्था चालवावी का, हा वाद आपल्याला नवा नाही. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा वर्गात शिकवणारे आजीव सदस्यच संस्थेचा कारभार पाहत. त्यातून निष्ठा उभी राहिली आणि भांडणंही. आजीव सदस्यांनी बाहेरचं उत्पन्न घ्यावं का, या वादातून टिळक १८९० साली बाहेर पडले. बोर्डावरच्या शिक्षकाबाबतही धोका हाच, की निवृत्त मुख्याध्यापिका हळूहळू शाळाच चालवायला लागतात. बोर्डाने विचारायचं सगळं, पण वर्गात जाऊन करायचं काही नाही. आमच्या बाईंनी ही रेघ कधी ओलांडली नाही. त्या कागद मागत, शिक्षकांना सूचना देत नसत.

मनुष्यबळ, आरोग्य, समाजकार्य, देणग्या मिळवणं, या पेशांची माणसं असली तर उत्तमच. पण एका खुर्चीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. ज्या वस्तीतली मुलं शाळेत येतात, तिथे राहणारं माणूस हवं. त्याचा पेशा काहीही असो, दुकान असेल, बस चालवत असेल. शाळेची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणायचा ठराव आमच्याकडे आला तेव्हा पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या आयांचं काय, हे आम्हा आठ जणांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. सुचलं ते पालक प्रतिनिधीला.

पायरी तिसरी: पेशा शाळेला विकला जातोय का, ते पाहा

तिसरा आणि चौथा रकाना आता कामाला येतो. ट्रस्टीची कंपनी शाळेला काही विकते का, इमारत कुणाच्या मालकीची, मुख्याध्यापक कुणाचे नातेवाईक, शाळा चालवायला बाहेरची व्यवस्थापन कंपनी असेल तर ट्रस्टींपैकी किती जण तिच्याशी बांधलेले. फॉर्म ९९०च्या शेड्यूल एलमध्ये संबंधित माणसांशी झालेले व्यवहार लिहायचे असतात. न्यूयॉर्कमध्ये स्टेट युनिव्हर्सिटीने सनद दिलेल्या शाळांत एकाच संस्थेशी संबंधित ट्रस्टी ४० टक्क्यांहून जास्त चालत नाहीत. तुमच्या राज्यात असा नियम नसला तरी हा आकडा मोजपट्टी म्हणून वापरा.

हे का पाहायचं, त्याचं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. २०१९ साली सॅन डिएगो काउंटीत ए-थ्री नावाच्या ऑनलाइन चार्टर जाळ्याच्या प्रकरणात ११ जणांवर आरोप ठेवले गेले. या शाळांना राज्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले होते. मुख्य सूत्रधारांनी २०२१ साली गुन्हा कबूल केला. शाळांची बोर्डं होती, पण पैसा कुठून कुठे चाललाय याला त्यांनी आवर घातला नाही. त्याच वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियाने कायदा करून चार्टर शाळांना खुल्या सभांचे, माहिती देण्याचे आणि हितसंबंधांचे नियम स्पष्टपणे लागू केले.

ट्रस्टीचा शाळेशी व्यवहार असणं म्हणजे लगेच चोरी, असं समजू नका. तो उघड सांगितला का, त्या ठरावावर त्याने मतदान टाळलं का, आणि मीटिंगच्या इतिवृत्तात तशी नोंद आहे का, या तीन गोष्टी पाहा. नोंद नसेल तर विचारा.

पायरी चौथी: मीटिंगला जाऊन बसा

मीटिंग जनतेसाठी खुली असते. न्यू जर्सीत नियमानुसार ४८ तास आधी सूचना द्यावी लागते, कॅलिफोर्नियात अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. निदान दोन मीटिंगना जा, त्यातली एक बजेटची असू द्या. यादीतली नावं समोर ठेवा आणि कुणी प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे खूण करत जा. कागदावरचा पेशा तोंड उघडतो का, ते तासाभरात कळतं. मोठ्या बँकेतला माणूस पूर्णवेळ फोनमध्ये, आणि प्रश्न विचारतेय ती नर्स, असंही दिसेल. सगळे ठराव एकमताने, चर्चेवाचून, दहा मिनिटांत संपत असतील तर तिथे हो ला हो चाललंय. बंद दाराआडच्या सत्रात बोर्ड जाऊ शकतं, नोकरभरती किंवा खटल्याबाबत. पण कारण आधी जाहीर करावं लागतं. ते नीट ऐका.

पालकांना बोलायला वेळ देतात. तेव्हा आरोप करू नका. 'ऑडिटरने गेल्या वर्षी काय त्रुटी काढल्या आणि त्या कुणी दुरुस्त केल्या?' एवढं विचारा आणि उत्तर कोण देतं ते बघा. उत्तर फक्त मुख्याध्यापक देत असतील आणि खजिनदार गप्प असेल, तर ते वहीत लिहा.

पायरी पाचवी: स्वतः जायचं असेल तर

आपल्यातले बरेच जण आयटीतले. त्या पेशाला बोर्डावर खरी जागा आहे: विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता, सॉफ्टवेअरचे करार, निकालाच्या आकड्यांत कुठली मुलं मोजलीच नाहीत ते शोधणं. पण बोर्डावर आधीच तीन आयटीवाले असतील तर चौथी खुर्ची मागण्याआधी दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का, याचा विचार करा. तुमच्या ओळखीत एखादी मराठी फिजिओथेरपिस्ट असेल, माँटेसरी शिक्षिका असेल, जागेचं मूल्यांकन करणारा असेल. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

नोकरीचा बायोडेटा तसाच पाठवू नका. एक पान पुरे. वरच्या अर्ध्यात तुम्ही बोर्डाला कुठले प्रश्न विचारू शकाल ते लिहा, खालच्या अर्ध्यात अनुभव. आणि मराठी मंडळाचं काम लपवू नका. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये मराठी शाळा चालवणं, मंडळाचा ताळेबंद सभेत मांडणं, गणेशोत्सवाची वर्गणी आणि खर्च जुळवणं, हे ना-नफा संस्थेचं खरं काम आहे. माझ्या मुलाखतीत त्यावरच जास्त प्रश्न आले.

अर्ज देण्याआधी तीन परवानग्या. नोकरी देणाऱ्याची, विशेषतः तुम्ही बँक किंवा ऑडिट फर्ममध्ये असाल तर. व्हिसावर असाल तर इमिग्रेशन वकिलाची. आणि घरच्यांची, कारण काम बिनपगारी आणि वेळखाऊ आहे. मला महिन्याला एक संध्याकाळ मीटिंग, एक समितीची, आणि मीटिंगआधी शंभरेक पानं वाचायला एक रविवार लागायचा. पार्श्वभूमी तपासणी, हितसंबंधांचं प्रकटन आणि प्रशिक्षण, हे न्यू जर्सीत बंधनकारकच आहे.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. 'सध्या कुठली खुर्ची रिकामी आहे?' यावर 'कुणीही चांगलं माणूस चालेल' असं उत्तर आलं, तर त्यांनी तुमच्या वहीसारखी यादी केलेली नाही. मग तुमची यादी त्यांना द्या. मी तेच केलं. पहिल्या सहा महिन्यांत मी फक्त पेशे आणि प्रश्न यांचा तक्ता मांडला, आणि शिक्षण या ओळीसमोर रिकामी चौकट होती. बाई आल्या त्या त्या चौकटीमुळे.

येत्या जूनमध्ये त्यांची मुदत संपतेय. नामनिर्देशन समितीने मला मसुदा करायला सांगितला, तो असा गेला: 'आमच्या बोर्डाला विशेष शिक्षणात काम केलेलं, या शाळेत नोकरी नसलेलं माणूस हवं आहे. निवृत्त चालेल. पहिल्या मीटिंगला आम्ही तुम्हाला थेरपीच्या मिनिटांचा कागद देऊ. तो वाचता यायला हवा.'